रामलिंगच्या रानातली जागा

जीप आमच्या दारात येऊन उभी राहिली त्या दिवशी गल्लीत लग्नघर असल्यासारखी गर्दी झाली होती. उस्मानाबादेतल्या वकिलांनी तेव्हा सायकल मारावी, फार तर टांगा ठेवावा, अशी रीत. बाबांनी लष्कराच्या लिलावातून या हातातून त्या हातात फिरत आलेली जुनी जीप घेतली आणि वर ड्रायव्हर ठेवणार नाही, मीच चालवणार, असं जाहीर करून टाकलं. कोर्टात त्यांची बरीच थट्टा झाली म्हणे. बाबांचं म्हणणं एकच, आपला दावा दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये आणि आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आता यावर कोण काय बोलणार?

चालवायला ते गावाबाहेरच्या माळावर शिकले. गिअर टाकताना असा काही आवाज यायचा की झोपलेली कुत्री उठून दुसरीकडं जायची. उलटतपासणीत साक्षीदाराला दरडावावं तसे ते जीपला दरडावायचे. मला भारी लाज वाटायची. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन, आणि त्या वयात बापाची लाज वाटायला कारण लागत नाही. आई मात्र कधी हसली नाही आणि कधी घाबरलीही नाही. पदर खोचून, समोरच्या दांडीला एक हात धरून ती पुढच्या सीटवर बसायची, अशी की बघणाऱ्याला वाटावं ही बाई जन्मभर जीपमधनंच हिंडलीय.

दसऱ्याला जीपची पूजा झाली, झेंडूची माळ, बोनेटवर कुंकवाची बोटं. मग गर्दी ओसरल्यावर आम्ही तिला तुळजापूरला नेलं. आमच्याकडं नवं वाहन पहिल्यांदा देवीआईच्या दारातच जातं, मग ते जुनं का असेना. दर्शन झालं. परतताना बाबा लई खुशीत होते, कारण जीप एकदाही न अडता घाट चढून वर आली होती. पुढच्या खेपेला कुठं जायचं बोला, असं त्यांनी विचारलं. मी मागच्या बाकावरनं ओरडले, सोलापूर! मला सोलापूरला सिनेमा बघायचा होता, दुसरं काय.

आई समोर रस्त्याकडं बघत होती. ती म्हणाली, "मला रामलिंगच्या रानात न्या. तिला जिथं ठेवलंय ती जागा मला एकदा बघायचीय."

उस्मानाबाद येईपर्यंत इंजिनाचाच काय तो आवाज होता. मीही सोलापूरचं नाव परत काढलं नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती, एवढं मला ठाऊक होतं. लहानपणी एकदा मी त्याबद्दल विचारलं तर चुलतीनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. नंतर मात्र तुकड्या-तुकड्यांनी सगळं कळत गेलं. ते रझाकारांचं वर्ष. आमचं गाव येरमाळ्याजवळ. त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत जाळपोळ सुरू झाली आणि लोक मिळेल त्या वाटेनं बार्शीकडं निघाले. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, तिथं पोचलं की जीव वाचला. येडशीला रेल्वे होती, पण स्टेशनावर त्यांचाच पहारा. म्हणून लोक रानातनं जायचे, रामलिंगच्या डोंगरातनं. आई तेव्हा ओली बाळंतीण होती, बाळाचं बारसंसुद्धा व्हायचं होतं. बाबा, आई आणि घरचा सालगडी असे तिघं डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीनं आले आणि पुढं बाळाला घेऊन पायी निघाले. वैशाखाचं ऊन होतं ते. बाळाला ऊन लागलं, ते दूध घेईना, आणि भर दुपारी रानातच गेलं.

पुढं जे झालं ते आमच्याकडच्या रीतीनं झालं. दात न आलेलं लेकरू आम्ही जाळत नाही, पुरतो. पुरायला आईनं जायचं नसतं. तिला पाठमोरी बसवतात आणि बाप्या माणसं लेकरू उचलून नेतात. माती लोटली की वर दगड रचतात, जनावरानं उकरू नये म्हणून दगडांवर बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या टाकतात आणि परत येतात. कुठं ठेवलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर तिचा जीव तिथं घुटमळतो आणि पुढचं लेकरू लाभत नाही म्हणे. इतक्या लहान जिवाचं श्राद्ध नसतं, तिथीही कुणी पाळत नाही. म्हणजे आईजवळ त्या पोरीचा दिवस नव्हता आणि जागाही नव्हती. मला विचाराल तर ही रीत करणाऱ्यानं आधी एकदा बाळंत होऊन बघायला पाहिजे होतं, मग खुशाल रीत करावी. असो. सालगडी पुढं काही वर्षांनी पटकीनं गेला. ती जागा ठाऊक असलेलं एकच माणूस जगात उरलं, आणि ते रोज आईच्या समोर पाटावर बसून जेवत होतं.

तुळजापूरहून आल्यावर बाबांनी चालढकल सुरू केली. कधी कोर्टाची तारीख, कधी टायर, कधी बार्शीहून यायचा कसलासा पार्ट. आई एकदा बोलली होती, दुसऱ्यांदा बोलली नाही. ती भांडायची नाही कधी. एकदा सांगायची आणि वाट बघत बसायची, आणि तिचं ते वाट बघणं घरात सगळ्यांना जाचायचं. दिवाळीला बाबांनी तिला इरकली लुगडं आणलं. भारीतलं होतं. तिनं ते डोळ्याला लावलं, देवापुढं ठेवलं आणि घडी न मोडता पेटीत घालून टाकलं. बाबांना कळायचं ते कळलं. भाऊबीजेनंतर एकदा जेवताना ते म्हणाले, रविवारी जाऊ. मग पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडं करत म्हणाले, "सापडंल न सापडंल. मी जबान देत न्हाय."

"जबान कोण मागायलंय?" आई म्हणाली. "तुम्ही नुसतं दाखवा."

मला नेऊ नये असं बाबांना वाटत होतं. आईनं नेऊ म्हटलं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जीपमधनं जायचं तर मी कशाला मागं राहते?

रविवारी सकाळी आईनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा गडवा घेतला. बाबांनी विचारलं, हळद-कुंकू, नारळ, काही बरोबर घ्यायचं का? कशाला, देव हाय का ती, असं म्हणून आई चपला घालून जीपमध्ये जाऊन बसली. तिनं नेहमीचंच जुनं लुगडं नेसलं होतं. बाबांनी हँडल मारून मारून जीप चालू केली. त्या दिवशी ते जीपला एक शब्द बोलले नाहीत.

येडशीचा रस्ता तेव्हा खडीचा होता. दोन्ही अंगाला तुरी फुलावर आल्या होत्या, ज्वारी गुडघ्याला लागत होती. वाटेत एक एस.टी. समोरून आली तेव्हा बाबांनी जीप पार शेतात उतरवली आणि धुरळा बसेपर्यंत तिथंच थांबले. येडशीच्या पुढं जंगल खात्याचा नाका लागला. शिपायानं कुठं निघालात म्हणून विचारलं, बाबांनी दर्शनाला म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं ते, आधी देवाला जाऊनच पुढं जायचं होतं. नाक्यापुढं एकदम रान लागलं. आमच्या उघड्या माळाची सवय असलेल्या डोळ्यांना ते रान अंगावर आल्यासारखं वाटलं. सीताफळी, पळस, धावडा, खैर, करवंदीच्या जाळ्या, आणि मधनं जीपपुरती वाट. फांद्या कापडी टपाला घासत होत्या. त्या रानात दुसरी मोटार अशी दिसलीच नाही.

रामलिंगचं देऊळ खाली दरीत, ओढ्याच्या कडेला. पायऱ्या उतरून जावं लागतं. जीप थांबते न थांबते तोच वानरांनी तिचा ताबा घेतला. एक बोनेटवर, दोन टपावर, आणि एका म्हाताऱ्या हुप्प्यानं माझ्या हातातला धपाटा असा काही नेला की आपण देणंच लागत होतो त्याचं. एरवी बाबा हसले असते.

दर्शन झाल्यावर पुजारी आम्हाला जटायूची जागा दाखवायला घेऊन गेला. रावण सीतेला घेऊन चालला तेव्हा जटायूनं त्याला इथंच अडवलं, पंख तुटून तो इथंच पडला, रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं ते इथंच. प्रत्येक जागेवर पुजारी बोट ठेवत होता. काल घडल्यासारखं सांगत होता, कुठं अडखळला नाही. बाबांनी त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि आम्ही निघालो. आई मात्र तिथंच उभी. वाकून तिनं त्या दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला, मग आमच्यामागं आली.

"पाखराचीसुद्धा जागा ठेवलीय लोकांनी," ती म्हणाली.

बाबा ऐकू न आल्यासारखं करून पुढं चालायला लागले.

देवळाच्या वरच्या अंगाला ओढ्याला एक मोठं वळण, वळणावर सालईचं झाड, आणि झाडापलीकडं थोडी मोकळी जागा, एवढं त्यांना आठवत होतं. तिला ठेवून निघाल्यावर बऱ्याच वेळानं देवळाचा कळस दिसला होता, म्हणून त्यांनी देवळापासून उलटं जायचं ठरवलं. आम्ही ओढ्याच्या काठानं चढायला लागलो. आता ओढ्याला वळणं किती असावीत? पावलोपावली. प्रत्येक वळणावर बाबा थांबायचे, इकडं बघायचे, तिकडं बघायचे, चार पावलं आत जायचे आणि परत यायचे. ते थांबले की आई थांबायची. ती जमिनीकडं बघतच नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडं बघायची आणि त्यांनी मान हलवली की पुन्हा चालायची.

तेव्हा वैशाख होता, रान सगळं झडलेलं, लांबलांबचं दिसत होतं. आता दिवाळी होऊन गेलेली, पाऊसही त्या वर्षी चांगला झालेला. दहा पावलांपलीकडचं माणूस दिसत नव्हतं. मधल्या काळात कोळसा पाडणाऱ्यांनी मोठाली झाडंही नेली होती. बाबा आधी कोळशावाल्यांवर चिडले, मग जंगल खात्यावर, मग सरकारवर. कोर्टात आवाज चढवायचे तसा आवाज चढवून ते त्या झाडोऱ्यात एकटेच बोलत होते. मला त्यांची कीव यायला लागली. कीव आणि रागसुद्धा. एक जागा तर लक्षात ठेवायची होती त्यांना!

शेवटी ते एका दगडावर टेकले. टोपी काढली, घाम पुसला, आणि आईकडं न बघता म्हणाले, "परत येताना मी मागं बघितलंच न्हाय. बघायचं नसतंय. जाताना जेवढं दिसलं तेवढंच ठाऊक हाय मला. ह्या अंगानं ती जागा मी कधी बघितलेलीच न्हाय."

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, जीपमध्ये बसल्यावर कळलं. गेलेल्या माणसाला पोचवून परतताना मागं वळून बघायचं नाही, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. बाबांनी ते पाळलं होतं. जिवावर बेतलेलं असताना, कडेवरची पोर जाऊन हात मोकळे झालेले असताना, त्यांनी ते काटेकोर पाळलं होतं. मागं बायको आहे, पुढं हद्द आहे, आणि हा माणूस सरळ नाकासमोर बघत चाललेला. पाठीमागं कुठलं झाड राहिलं, ओढा कुठं वळला, त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

मला वाटलं, आता आई रडेल, नाहीतर इतक्या वर्षांचं काहीतरी तोंडातून निघेल. तसं काही झालं नाही. तिनं लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली, आणि मग म्हणाली, जिकडनं तेव्हा आलो होतो तिकडनंच येऊ या. घरी जाऊ आधी असं ती म्हणेल ही बाबांची अपेक्षा असावी, कारण ते तिच्याकडं बघतच राहिले.

आम्ही जीपपर्यंत परत आलो, येडशीवरनं येरमाळ्याच्या रस्त्याला लागलो, आणि येरमाळ्याच्या बरंच अलीकडं डावीकडं एक गाडीवाट फुटते तिथं वळलो. ती वाट जीपसाठी नव्हतीच. दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवत. एका जागी चाक रुतलं तेव्हा मी आणि आई उतरून मागनं रेटलं. आईनं पदर कमरेला बांधला आणि बाईमाणूस म्हणून काही हात राखला नाही. चिखलानं तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भरलं. बाबा पुन्हा पुन्हा वळून लागलं का, लागलं का विचारत होते, आणि आई त्यांना नुसती हातानं पुढं बघा म्हणून खुणावत होती.

डोंगराच्या पायथ्याला एक पडकी विहीर लागली. ती बघताच बाबांनी जीप बंद केली. बैलगाडी इथंच सोडली होती, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. शंका नव्हती त्यात. ते उतरले आणि आमच्यासाठी न थांबता चालायला लागले. जिथं वाट दोन ठिकाणी फुटत होती तिथं ते थबकलेसुद्धा नाहीत. पाय त्यांना नेत होते. मागनं चालताना मी बघितलं, त्यांचे दोन्ही हात कोपरात वाकून छातीशी आले होते. त्या हातांत काही नव्हतं. फांद्या आडव्या आल्या तरी ते हातांनी बाजूला करत नव्हते, खांदा पुढं घालून अंग तिरकं करून जात होते. आईलाही ते दिसत असणार, ती माझ्या पुढंच होती.

चढ संपला, उतार लागला, ओढा आला. ओढ्याला मोठं वळण होतं. सालईच्या झाडाचा नुसता खुंट उरला होता आणि त्याला फुटवे आले होते. त्याच्यापलीकडं खरंच मोकळी जागा होती. आई इतकी घाईनं पुढं गेली की तिची एक चप्पल मागंच राहिली. बाबाही पुढं झाले, आणि दोघंही थांबले.

त्या मोकळ्या जागेत दगडांचे ढीग होते, हातभर लांबीचे. एक खुंटाजवळ, दोन त्याच्या अलीकडं, पलीकडं आणखी. काही अजून शाबूत, काही विस्कटलेले, काहींवर गवत चढून नुसता उंचवटा राहिलेला. कितीतरी होते. सगळे सारखे.

बाबांनी एका ढिगाशी जाऊन बघितलं, मग दुसऱ्याशी गेले, मग परत पहिल्याशी आले. तेव्हा इथं काही नव्हतं, ते म्हणाले. आपलाच पहिला होता. आणि मग त्यांना जे कळलं ते मलाही कळलं. त्या उन्हाळ्यात त्या वाटेनं आमचंच घर गेलं नव्हतं. आमच्या मागनं लोक येत राहिले होते, कडेवर लेकरं घेऊन. ज्यांचं लेकरू वाटेत गेलं त्यांनी इथं एक ढीग बघितला असणार, आणि आपलंही त्याच्या शेजारी ठेवलं असणार, सोबत होईल म्हणून. त्यांनीही मागं वळून बघितलं नसणार.

बाबांचं माझ्याकडं लक्ष गेलं. पोरीनं इथं थांबू नये, जरा पलीकडं जाऊन बैस, असं त्यांनी सांगितलं. मी करवंदीच्या एका मोठ्या जाळीमागं जाऊन बसले. तिथनं मला ती दोघं दिसत नव्हती, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"यातली कुठली?" आईनं विचारलं.

"न्हाय सांगता येत," बाबा म्हणाले.

मला वाटतं, त्यांना खोटं बोलता आलं असतं. कुठल्याही ढिगावर बोट ठेवून ही म्हणाले असते तर आई तिथं बसली असती, रडली असती, आणि आम्ही घरी आलो असतो. तसं त्यांनी केलं नाही. त्यांच्यावरचा माझा सगळा राग त्या एका उत्तरानं गेला. ते एवढंच म्हणाले, मला माफ कर. बाबांच्या तोंडून आईला असं काही म्हटलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

आईच्या चालण्याचा आवाज येत होता. वाळलं गवत मोडायचं, थांबायचं, पुन्हा मोडायचं. ती एकेका ढिगाजवळ जात असणार. ते बराच वेळ चाललं. मग तोही आवाज थांबला. पाखरांची किलबिल तेवढी होती, लांब कुठंतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या. मी गुडघ्यात डोकं घालून बसले होते. भूक लागली होती, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मला तिथनं निघायची घाई झाली होती.

तेवढ्यात आईनं मला हाक मारली. दिवेलागणीला पोरं खेळून घरी यावीत म्हणून आया दारातनं हाक मारतात तशी, नावातलं शेवटचं अक्षर लांबवून, लांबपर्यंत जाईल अशी. मी सवयीनं ओ दिली. "ओ, आले!" म्हणत उठले आणि जाळीला वळसा घालून धावतच बाहेर आले.

आई ढिगांच्या मधोमध उभी होती. माझा आवाज आला त्या बाजूला तिनं तोंड केलं होतं आणि दोन्ही हात थोडे पुढं आले होते. तिच्या तोंडावर जो आनंद मी बघितला, तसा कधी बघितला नव्हता. माझ्या लग्नातही बघितला नाही, मला पहिलं बाळ झालं तेव्हाही नाही. मी जाळीबाहेर पूर्ण आले, तिनं मला बघितलं, आणि तो गेला.

"तू व्हय," ती म्हणाली.

मी बाबांकडं बघितलं. ते खुंटावर बसले होते. जमिनीकडं बघत त्यांनी मला सांगितलं, की बारशाला तिचं हेच नाव ठेवायचं ठरलं होतं. ते तसंच राहिलं, म्हणून मग तुझं ठेवलं. जन्मापासून वापरत आलेलं माझं नाव मला त्या क्षणी दुसऱ्याच्या मापाचं वाटलं. आईनं मला हाक मारलीच नव्हती. माझं काहीतरी फार चुकलं, मी काहीतरी मोडलं, असं वाटून मला रडूच फुटलं. मी आईला विचारलं, चुकलं का माझं?

आई ढिगांमधनं वाट काढत माझ्यापर्यंत आली. चिखलानं भरलेल्या हातानंच तिनं माझं तोंड पुसलं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "ओ दिलीस ते बरं झालं. कुणीतरी द्यायलाच पाहिजे होती."